वाशिमच्या पोटातले सातशे टँकर

२०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके मिळून. हिशेब सोपा जावा म्हणून आपण १२ लाख धरू. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर १२,००० लिटरचा धरू. म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याचं एक लिटर एकत्र केलं की बरोबर १०० टँकर भरतात. तान्ही बाळं आणि कमी खाणारे म्हातारे यांच्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज चुकणार नाही.

आता पहिला आकडा. माणसाचं शरीर अन्न पचवण्यासाठी दर चोवीस तासांत स्वतःचे सुमारे ७ लिटर रस पचनमार्गात ओततं. लाळ एक ते दीड लिटर, जठररस दीड ते दोन लिटर, यकृतातून येणारं पित्त अर्धा ते एक लिटर, स्वादुपिंडाचा रस एक ते दीड लिटर आणि लहान आतड्याचा स्वतःचा रस पावणेदोन लिटरच्या आसपास. वाशिम जिल्ह्याच्या हिशेबात रोजचे ७०० टँकर. पाऊस असो की दुष्काळ, हा पुरवठा एक दिवसही थांबत नाही, आणि माणसाच्या अंगात एकूण रक्त असतं जेमतेम ५ लिटर. रक्तापेक्षा जास्त रस रोज ओतूनही माणूस कोरडा कसा पडत नाही, याचं उत्तर पचनाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तिथं पोचेपर्यंत वावरातल्या बांधावरचं एक साधं जेवण सोबत घेऊ: ज्वारीची एक भाकर, वाटीभर तुरीचं वरण आणि ठेच्यावर चमचाभर तेल.

आधी कुटणं, मग कापणं

पचनात दोन तऱ्हेचे बदल होतात. भाकरीचा घास चावला, तो लाळेत भिजला, पोटात घुसळला गेला, तरी स्टार्च स्टार्चच राहतो, फक्त बारीक होतो. हा भौतिक बदल. त्या स्टार्चचे रेणू तुटून साखर तयार झाली की मूळ पदार्थ उरत नाही, नवा तयार होतो. हा रासायनिक बदल. शाळेच्या पुस्तकात हे दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात. पोटात मात्र पहिला दुसऱ्यासाठी राबतो, कारण पदार्थ जितका बारीक तितका रसांना भिडायला पृष्ठभाग मोठा.

भौतिक बदलाची सुरुवात दातांपासून. जबड्याचे सगळे स्नायू एकदम आवळले तर पुढच्या दातांवर सुमारे २५ किलोचा आणि दाढांवर ९० किलोपर्यंतचा दाब येऊ शकतो. चावलेला घास २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत खाली ढकलला जातो. जठर रिकामं असताना मुठीएवढं, जेवल्यावर एक-दीड लिटर सहज सामावून घेतं. मग त्याच्या भिंतीवरून मिनिटाला तीन या गतीनं आकुंचनाच्या लाटा जातात. तीन तासांच्या पचनात पाचशेहून अधिक लाटा. खालच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू साधारण २ मिलिमीटरपेक्षा मोठा कण सहसा पुढे सोडत नाही. मोठा कण परत मागे फेकला जातो, पुन्हा घुसळला जातो.

हे सगळं मेंदूला विचारून होत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतींत १० कोटींहून अधिक चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. गिळेपर्यंतचं काम आपल्या हातात, पुढचं सगळं त्यांच्याकडे.

चाळीस लाख पट आंबट

जठराच्या भिंतीतल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीवर इशारा लिहून कुलपात ठेवतात तेच. रक्तात आंबटपणा ठरवणाऱ्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण अत्यल्प असतं. याच रक्तातून कच्चा माल घेऊन या पेशी जो रस बाहेर टाकतात, त्यात ते प्रमाण ३० ते ४० लाख पट असतं. या कामात मदत करणारा कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचा विकर (एन्झाइम) आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला १० लाखांपर्यंत अभिक्रिया घडवतो. शरीरातल्या सर्वांत चपळ विकरांपैकी तो एक.

या आम्लानं तीन गोष्टी साधतात. अन्नातले बरेच जंतू मरतात, प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि पेप्सिन हा विकर कामाला लागतो. पेप्सिनला दोन-तीनच्या आसपासचा सामू लागतो, तर सामू चारच्या खाली गेला की लाळेतल्या अमायलेजचा जीवच जातो. म्हणून स्टार्चचं पचन तोंडात सुरू होतं, घासाच्या आतल्या भागात काही वेळ चालू राहतं, आणि आम्ल आतपर्यंत मुरलं की थांबतं. पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाचा बायकार्बोनेट येऊन आम्लाला शांत करतो. मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आठवीच्या परीक्षानळीतली ही अभिक्रिया जिल्ह्यात रोज शंभराहून अधिक टँकर आम्लरसावर घडते.

एका भाकरीत २२ लाख परार्ध जोड

पूर्वी पोरं एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत जायची. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पाठ सगळे करायचे, पण मोजण्यासारखं काही सापडायचं नाही. भाकरीत सापडतं.

एका भाकरीला १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ धरू. त्यात ढोबळमानानं ६० ग्रॅम स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांब माळा. प्रत्येक जोड तोडल्याशिवाय ग्लुकोज रक्तात शिरू शकत नाही. रसायनशास्त्राचं साधं गणित लावलं तर ६० ग्रॅम स्टार्चमध्ये असे सुमारे २२ लाख परार्ध जोड निघतात. हा सगळा स्टार्च चार तासांत पचला असं धरलं, तर दर सेकंदाला दीडशे परार्धांहून जास्त जोड तुटतात, आणि आपण बांधावर बसून पावसाच्या गप्पा मारत असतो.

प्रत्येक जोड तोडताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, तो साखरेचाच भाग होऊन जातो. म्हणून ६० ग्रॅम स्टार्चपासून ६० ग्रॅम नव्हे, जवळजवळ ६७ ग्रॅम ग्लुकोज तयार होतं. वाढलेले ते सहा-सात ग्रॅम म्हणजे रसायनात मुरलेलं पाणी. बारा लाख लोकांनी एकेक भाकर खाल्ली तर सुमारे ८,००० लिटर पाणी, टँकरचा दोन तृतीयांश भाग, अशा रीतीनं साखरेत जमा होतो.

ही ६७ ग्रॅम साखर एकदम रक्तात आली असती तर अनर्थ झाला असता. उपाशीपोटी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते साडेचार-पाच ग्रॅम. एका भाकरीत तिच्या तेरा ते पंधरा पट साठा आहे. म्हणून जठर घाई करत नाही. मिनिटाला एक ते चार किलोकॅलरी एवढंच अन्न ते पुढे सोडतं, आणि इन्शुलिन आलेली साखर पेशींत रवाना करत राहतं. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास भूक का लागत नाही, याचं एक कारण हेच.

तुरीचं वरण आणि वाकाटक

आता वरण. ३० ग्रॅम तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्या प्रथिनांत अमिनो आम्लांना जोडणारे साडेतीन लाख परार्ध बंध. स्टार्चच्या मानानं आकडा लहान, पण हे बंध भलतेच चिवट.

किती चिवट, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रॅडझिका आणि वोल्फेंडेन यांनी मोजलं. १९९६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या पाण्यात, २५ अंश सेल्सियसला, विकर आणि जंतू नसताना, असे निम्मे बंध आपोआप तुटायला साडेतीनशे ते सहाशे वर्षं लागतात. आपण मधला आकडा, ५०० वर्षं, घेऊ.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथं होती. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वोत्तम लेणी कोरली गेली. त्याला आता दीड हजार वर्षं झाली. कल्पना करा, हरिषेणाच्या मुदपाकखान्यातलं वाटीभर वरणाचं प्रथिन कुणी निर्जंतुक पाण्यात बंद करून ठेवलं. पहिल्या पाचशे वर्षांत निम्मे बंध तुटतील, पुढच्या पाचशेत उरलेल्यांतले निम्मे, त्यापुढच्या पाचशेत आणखी निम्मे. म्हणजे आज वाटी उघडली तरी आठातला एक बंध अजून शाबूत मिळेल. तेच वरण आज दुपारी बारा वाजता खाल्लं तर संध्याकाळी गुरं घरी येईपर्यंत बहुतेक बंध तुटून अमिनो आम्लं रक्तात पोचलेली असतात.

प्रयोगशाळेत प्रथिनांचे सगळे बंध तोडायचे तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियसला चोवीस तास उकळावं लागतं. आपलं पोट ते ३७ अंशांवर करतं. सुरुवात पेप्सिन करतो, पण त्याच्या वाट्याला १०-२० टक्केच काम येतं. बाकीचं स्वादुपिंडाचे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि आतड्याच्या भिंतीवरचे विकर उरकतात. ट्रिप्सिन इतका धारदार की स्वादुपिंड त्याला निष्क्रिय रूपात ठेवतं आणि तो आतड्यात पोचल्यावरच तिथला दुसरा विकर त्याला जागा करतो. हा क्रम चुकून ट्रिप्सिन आधीच जागा झाला तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. स्वादुपिंडाचा दाह जीवघेणा ठरतो तो यामुळे.

चमचाभर तेलाचं अंगण

ठेच्यावरचं तेल पाण्यात मिसळत नाही आणि चरबी पचवणारा लायपेज हा विकर पाण्यात राहतो. त्याला तेलाच्या फक्त पृष्ठभागावर काम करता येतं. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर तेलाचा एकच गोळा असेल तर त्याचा पृष्ठभाग अवघा १४ चौरस सेंटिमीटर. पित्तातले क्षार आणि आतड्याची घुसळण मिळून त्याचे बारीक थेंब करतात. प्रत्येक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा झाला असं धरू. थेंबांची संख्या होते साडेनऊ लाख कोटी, आणि एकूण पृष्ठभाग ३० चौरस मीटर. एकवीस हजार पट वाढ! हा निव्वळ भौतिक बदल आहे. तेलाचा एकही रेणू अजून तुटलेला नाही.

या कामाला पित्तक्षार दिवसाला २० ते ३० ग्रॅम लागतात, पण अंगात साठा असतो साधारण ३ ग्रॅमच. मग शरीर तेच क्षार पुन्हा पुन्हा वापरतं. लहान आतड्याच्या शेवटी सुमारे ९५ टक्के क्षार शोषले जातात, रक्तातून यकृतात परततात आणि पुन्हा कामावर रुजू होतात, दिवसातून सहा ते दहा वेळा. जिल्ह्याच्या मापात ३६ क्विंटल क्षार २४० क्विंटलांचं काम रोज करतात.

घोकलेला चुकीचा आकडा

आतड्याचं पृष्ठफळ टेनिसच्या मैदानाएवढं असतं, असं अनेक पुस्तकं अजून सांगतात. २०१४ साली स्वीडनमधल्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी नव्यानं मोजमाप केलं. आकडा आला ३२ चौरस मीटर, त्यातले ३० लहान आतड्याचे. म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाचा निम्मा भाग. आकडा घसरला तरी नवल कमी होत नाही, कारण हे ३० चौरस मीटर साध्या नळीत बसवलेत. आतड्याच्या घड्यांमुळे पृष्ठफळ दीडपटीहून थोडं वाढतं, त्यांवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांमुळे साडेसहा पट, आणि पेशींवरच्या सूक्ष्म केसांमुळे आणखी तेरा पट.

या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवस टिकतात. २०२१ साली सेंडर आणि मिलो यांनी केलेल्या हिशेबानुसार शरीर रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी बदलतं. त्यांतल्या बहुतेक रक्तपेशी, पण १२ टक्के, म्हणजे ४,००० कोटी, आतड्याच्या अस्तरातल्या. पोळ्याला पुरणपोळी पचवणारं बहुतेक अस्तर चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गणपतीच्या मोदकांना भेटत नाही.

सोयाबीन आणि ४५० परार्ध भाडेकरू

खरिपात वाशिमच्या वावरात सगळीकडे सोयाबीन दिसतं. त्याच्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं, पण दोन अडचणीही. एक, कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, म्हणून सोयाबीन नीट शिजवल्याशिवाय खाऊ नये. दुसरी, त्यातल्या स्टॅकिओज आणि रॅफिनोज या साखरा. त्या तोडणारा विकर माणसाच्या आतड्यात नाहीच. हरभरा, तूर आणि इतर कडधान्यांतही या कुळातल्या साखरा असतात. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या जीवाणूंची पंगत बसते.

जीवाणू किती? शरीरातल्या पेशींच्या दहापट, असं १९७०च्या दशकापासून सांगितलं गेलं. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी तो आकडाही खाली आणला: सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू, म्हणजे माणसाच्या ३० लाख कोटी पेशींपेक्षा थोडे जास्त. वजन जेमतेम २०० ग्रॅम. जिल्ह्याचे मिळून ४५० परार्धांहून जास्त जीवाणू, वजन २,४०० क्विंटल.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या तीन पिढ्या. तरीही वयानुसार पोटातल्या जीवाणूंचं गणित बदललेलं आढळलं. आजोबा आणि नातू एकाच ताटात जेवले तरी जेवण पचवणारी वस्ती वेगळी.

हे जीवाणू साखरा खाताना हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन सोडतात. ब्रिटनमधल्या शेफिल्ड इथं दहा स्वयंसेवकांना रोजच्या जेवणासोबत २०० ग्रॅम घेवडा देऊन चोवीस तासांचा वायू मोजला गेला. कुणाचा अर्धा लिटर, कुणाचा दीड, मधला आकडा ७०५ मिलिलिटर. हाच दर लावला तर वाशिम जिल्हा रोज ७० रिकामे टँकर नुसत्या वायूनं भरेल. कडधान्य खाणाऱ्या मुलखात ही लाजेची गोष्ट नाही, पोटातली पंगत नीट जेवल्याची खूण आहे.

परतीचं पाणी

आता सुरुवातीचा प्रश्न. ७०० टँकर रस आणि लोकांनी प्यायलेले सुमारे २०० टँकर पाणी, असे ९०० टँकर रोज आतड्यात उतरतात. शौचावाटे बाहेर जातात १० ते २०. बाकी सगळं परत रक्तात. लहान आतडं साडेसातशेच्या पुढे टँकर वळवतं, उरलेले शंभर-दीडशे मोठं आतडं. ९८ टक्के पाणी वाचवणारी ही व्यवस्था आहे.

ती बिघडली की माणूस तासांत कोसळतो. पटकीमध्ये तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. पटकीचा जंतू सोडत असलेलं विष हे त्याचं कारण आहे, हे शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ साली दाखवलं. मात्र या विषानंही एक दार बंद होत नाही. आतड्याच्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारं प्रथिन असतं, आणि ही जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलेलं असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांपर्यंत पोचणारा मृत्युदर त्यांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला.

तेच पाणी आज ओआरएसच्या पाकिटात मिळतं. २०.५ ग्रॅमच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. पावसाळा लागला की विहिरी-नाल्यांचं पाणी गढुळतं आणि गावोगावी जुलाब सुरू होतात. तेव्हा एवढं करा: घरात ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा, पेल्यात अर्धं अर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल अंगावर पीत असेल तर दूध थांबवू नका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन मुलाला १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्तावलं किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि वाटेतही घोटघोट पाजत राहा.